वरची फिना, खालची फिना

८ ऑक्टोबर, मंगळवार

शहरात दुसरी फिना गुम्बान निघाली!

उमेदवारी अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. खिडकी बंद व्हायच्या जरा आधी किनाऱ्यावरच्या बाखाव वस्तीतली एक मासळीवाली आली आणि महापौरपदासाठी अर्ज भरून गेली. नाव— जोसेफिना गुम्बान. मतपत्रिकेवर छापायचं नाव— फिना गुम्बान. माझं बाप्तिस्म्याचं नाव देल्फिना. पण नगरसेविका झाले तेव्हापासून मतपत्रिकेवर मीही फिना गुम्बानच.

नांते धापा टाकत दालनात शिरला. "मानांग, आधी बसून घे." धाकटा भाऊ, शिवाय प्रचारप्रमुख. चारचौघांत मला 'मेयर' म्हणतो. तोंडातून 'मानांग', म्हणजे ताई, निघालं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"बेल्मेसचं काम आहे हे. तिला धड सही येत नाही, ती निघालीय महापौर व्हायला!"

बेल्मेसचंच असणार. क्रिसांतो बेल्मेस पूर्वी माझा उपमहापौर होता. किनाऱ्यावर हॉटेल बांधायच्या त्याच्या बेताला मी पाय आडवा घातला, तेव्हापासून बोलत नाही. मतपत्रिकेवर अक्षरांच्या क्रमाने एक नंबरला बेल्मेस, दोनला फिना गुम्बान, तीनला पुन्हा फिना गुम्बान. फोटो नाही, काही नाही. नावाजवळचं गोल काळं करायचं, झालं. उन्हात रांगेत तिष्ठून आलेला माणूस कुठलं गोल काळं करील, देव जाणे.

आधी हसू आलं. मग हसू गेलं. ही माझी तिसरी आणि शेवटची खेप, कायद्याने यापुढे नाही. बाखावच्या लोकांसाठी लोमाच्या टेकडीवर बांधायची घरं अर्धी झालीत. अर्धी राहिलीत.

९ ऑक्टोबर

वकील पेलायो सकाळीच आले. आनंदात होते. वकिलांना असली संकटं आवडतात.

"अशांसाठी कायद्यात शब्दच आहे, मेयर. उपद्रवी उमेदवार. निव्वळ नावाचा घोळ घालायला उभा केलेला. आपण अर्ज करायचा. वेळेत निकाल लागला तर नाव गळेल. उशीर झाला आणि मतपत्रिका छापल्या गेल्या, तरी तिची मतं तुमच्या खात्यात येतील."

"म्हणजे लोकांनी चुकून तिला दिली असं धरून?"

"चुकून नाही तर काय? तिला मुद्दाम कोण देणार?"

सही केली. पण शब्द दिवसभर खुपत राहिला. उपद्रवी. या बाईला मी कधी भेटलेलीसुद्धा नाही. दहा वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहायचे— ज्याला लिहितावाचता येतं, त्या प्रत्येकाला उभं राहता येतं. पोरं विचारायची, "मिस, माझ्या आईलासुद्धा?" मी म्हणायचे, "तुझ्या आईलासुद्धा."

१३ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा झाल्यावर एकटीच मासळी बाजारात गेले. नांतेला सांगितलं असतं तर चार गाड्या बरोबर आल्या असत्या.

तिने लांबूनच ओळखलं. "या या, मेयोरा! का नुसतं फिना म्हणू?" शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. मेयोरा हा शब्दच आमच्याकडे गंमतीचा. महापौर बाईलाही मेयोरा आणि महापौराच्या बायकोलाही मेयोरा. मला नवरा नाही, तरी पहिली दोन वर्षं परगावचे पाहुणे विचारायचे, साहेब कुठे आहेत?

"तुला फिना कधीपासून म्हणतात?" मी सरळच विचारलं.

"जन्मल्यापासून. आणि मी तुमच्या आधी जन्मले. मग नक्कल कोणी कोणाची केली?"

सगळी रांग हसली. मीही हसले. काय करणार, बिनतोड होतं!

"बेल्मेसने उभं केलं ना तुला?"

"केलं की." मागे उभ्या असलेल्या कोऱ्या पांढऱ्या फ्रीजरवर तिने ओल्या हाताने थाप मारली. "हा दिला. बर्फाच्या लाद्या वाहून वाहून कंबर गेली माझी. तुम्ही दिला असतात तर तुमच्यासाठी घरी बसले असते."

"लाज नाही वाटत?"

"फ्रीजरची? फ्रीजरची कसली लाज!" मग माशाचे खवले काढता काढता, खाली बघून, वेगळ्याच आवाजात— "फ्रीजरसाठी उभी राहिले, खोटं कशाला बोलू. पण आता उभीच आहे तर बोलीन म्हणते. तुमच्या लोमावर समुद्र नाही, मेयोरा. माझा पोरगा तोनियो टेकडी उतरून होडीपाशी येईपर्यंत दुसऱ्यांची जाळी भरून परत आलेली असतात."

"खाली राहिला असता तर एखाद्या वादळात गेला असता."

"गेला असता. पण विचारलं होतंत का त्याला?"

विचारलं होतं. सभा घेतली होती बाखावच्या चर्चमागे, सगळी वस्ती जमली होती, नकाशे लावले होते. घरी येताना गाडीत आठवत बसले, त्या सभेत कोण कोण बोललं? मी बोलले. अभियंता बोलला. मग शेवयांचं पान्सित वाटलं, आणि सगळे जेवून घरी गेले.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. सगळं शहर कब्रस्तानात. वडिलांच्या, म्हणजे आमच्या ताताय‌च्या, थडग्याला नांतेने नवा चुना दिला होता. नानाय, आमची आई, खुर्ची टाकून बसली. वय ब्याऐंशी, पण आपल्या माणसांच्या थडग्यांवरच्या मेणबत्त्या ती अजून स्वतःच लावते.

दोन ओळी पलीकडे दुसरी फिना! तिचा नवराही गुम्बानच, कुठल्या तरी चुलत पणजोबाकडून. नानायने तिला हाक मारून आपल्यातली भाताची वडी दिली. नांते चडफडला. "नानाय, ती बेल्मेसची आहे!"

"बिंगोच्या डावाला माझ्या शेजारी बसते ती. लबाडी करते, पण मनाची चांगली आहे."

"तुझ्या लेकीविरुद्ध उभी आहे ती!"

"मग काय झालं? माझी लेक काय काचेची आहे?"

नानाय अशी. लहानपणी धडपडून पडले तर उचलायची नाही, उठेपर्यंत शेजारी उभी राहायची.

१७ डिसेंबर

कोणी मेलं नाही. एकही नाही!

वादळ काल दुपारी आलं आणि आज सकाळी ओसरलं. बाखावमध्ये समुद्र चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. खालची निम्मी घरं पत्त्यांसारखी पडली. पण घरांत माणसं नव्हती. परवापासूनच कचऱ्याच्या गाड्या, शाळेच्या बस, अग्निशमनचे बंब— जे चाकांवर चालतं ते सगळं लावून माणसं लोमावर नेली. जुने लोमावाले आणि हे नवे, एकेका घरात तीन तीन कुटुंबं, आणि टेकडीवरची एकही भिंत हलली नाही.

मी नगरसेविका असताना जे वादळ आलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत शवपेट्या मांडल्या होत्या. मी शिकवलेल्या दोन मुली त्यांत होत्या. लोमाची कल्पना त्या दिवशी सुचली. ते कोणाला सांगायची गरज वाटली नाही कधी. आज लिहून ठेवते.

अभिमान वाटतो. वाटू दे. आज स्वतःला टोचून घ्यायचं नाही असं ठरवलंय.

एका घरात डोकावले तर दुसरी फिना! आणि तिचा फ्रीजर!

"हा इथवर कोणी चढवला?"

"तुमच्या अग्निशमनवाल्यांनी. म्हटलं, मी महापौरपदाची उमेदवार आहे, सामानासकट न्या."

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. जाता जाता ती म्हणाली, "घरं भक्कम आहेत हो. मी कधी नाही म्हटलं?"

२० जानेवारी

मतपत्रिका छापून झाल्या. दोन नंबरला फिना, तीन नंबरला फिना. आमच्या अर्जाचा निकाल नाही— तिच्या वतीने बेल्मेसचा वकील तारखांवर तारखा मागून घेतोय. पेलायो म्हणतात, काळजी नको, निवडणुकीनंतर लागला तरी निकाल आपलाच.

२ एप्रिल, बुधवार

तिच्याकडे सुनावणीची नोटीस पोचली म्हणे, 'उपद्रवी उमेदवार' लिहिलेली. तिने काय करावं? तीनचाकीवर फलक लावला— 'उपद्रवी फिना! नंबर तीन!'

बाजारात आज पोरं ओरडत होती, "ए उपद्रवी, कोळंबी कशी दिली?" ती म्हणे, "उपद्रव देत नाही, वजन बरोबर देते!"

नांतेच्या अंगाचा तिळपापड. मला मात्र... काय म्हणावं? माझ्या सहीने दिलेला शब्द तिने धुऊन पुसून कपाळावर मिरवला. एका अर्थी तो आता तिचाच.

१० एप्रिल

आज गाडी तिच्या सभेच्या मागे नेऊन उभी केली. काचा वर. चोरून ऐकण्याची महापौरावर पाळी!

भाषण कसलं, गप्पाच. "वरची फिना वाईट आहे का? नाही. चोर आहे का? मुळीच नाही. घरं बांधली का? बांधली. पण वरच्या फिनाला वाटतं, आपण मुलं आहोत आणि ती मास्तरीण. अगं बाई, आमचे केस पांढरे झाले!" लोक टाळ्या वाजवत होते. मग ती म्हणाली, वर राहू पण होड्यांपाशी रात्री थांबायला खाली छपरं द्या. जाळी ठेवायला जागा द्या. एवढंच. पुन्हा गप्पा.

छपरं! मला कोणी सांगितलंच नव्हतं. का मी ऐकलं नव्हतं?

शहरभर आता आम्ही 'वरची फिना' आणि 'खालची फिना'. वर म्हणजे लोमा, खाली म्हणजे बाखाव. रिक्षावालेसुद्धा तसंच म्हणतात.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. प्रचार बंद. गप्प बसायची सवयच राहिली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

बाखावात म्हाताऱ्या इन्योंगच्या मयताला जाऊन आले. शवपेटीशेजारी रात्र जागवायला पत्त्यांचा डाव, कॉफी, बिस्किटं, नेहमीप्रमाणे. मी आत शिरले तर एक बाई म्हणाली, "वरची फिना आली गं, खाली वाकून नमस्कार करा!" आणि खालची फिना आधीच बसलेली. दोघींना एकाच बाकावर बसवलं. कॉफी एकाच थर्मासमधून.

मी तिला म्हटलं, "छपरांचं खरंच करता येईल. जूननंतर, नवी खेप सुरू झाली की."

"जूननंतर तुम्ही राहिलात तर," ती म्हणाली आणि मला कोपराने ढोसलं.

समोरची पत्ते वाटणारी बाई हसली, "राहतील ना! मेयोरा कुठे जातायत? त्यांना कोण हलवणार?"

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१२ मे, सोमवार

मतदान. नानायला घेऊन बाखावच्या शाळेत गेले— आमची दोघींची नावं अजून तिथेच आहेत. ऊन रणरणत होतं. लोक पंखे हलवत शांत उभे. मी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून मतदानाच्या टेबलावर बसायचे. एका वर्षी दोन माणसं कंबरेला पिस्तूल लावून आली होती, मतपेटी 'आम्ही पोचवतो' म्हणाली. मी पेटीवर बसले, उठलेच नाही. लोक म्हणाले, मिस, तुम्ही उभ्या राहा. तिथून हे सगळं सुरू झालं.

आज कोणी पिस्तूल आणलं नाही. बाहेर आंबे विकायला बसले होते लोक! हे आम्ही केलं. एकट्या मी नाही, पण मीही केलं.

नानायने आत बराच वेळ लावला. विचारलं तर म्हणाली, "मत देताना घाई करायची नसते, तूच ना शिकवायचीस?"

१३ मे

हरले.

बेल्मेसला माझ्यापेक्षा नऊशेच्या आसपास जास्त. आणि खालच्या फिनाला? चार हजारांवर! बहुतेक सगळी बाखाव आणि लोमातून.

लोमातूनसुद्धा.

नांते भिंतीवर डोकं टेकून रडत होता. मला रडू आलं नाही.

१४ मे

नानाय जेवत नाही. "भूक नाही" एवढंच. माझं दुःख तिने अंगाला लावून घेतलंय. मीच तिला पेज भरवली.

१५ मे

बाखावातून पायी गेले. तोंड लपवायचं नाही म्हणून मुद्दाम. आणि काय बघते, बायका दारात रडतायत! पत्ते वाटणारी ती बाई माझा हात धरून हुंदके देत होती. मला राग आला, मेल्या का रडतायत? मत तर दिलं नाही! तोंडावर बोलले नाही. पण वाटलं.

संध्याकाळी पेलायो. चेहरा खुललेला. "मेयर, विसरलात? अर्ज अजून जिवंत आहे. पुढच्या आठवड्यात निकाल. ती उपद्रवी ठरली की चार हजार मतं तुमची. बेल्मेस घरी! फक्त एक शपथपत्र लागेल तुमचं— या मतदारांना तुम्हालाच मत द्यायचं होतं, नावाच्या घोळात चूक झाली."

नांतेने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

१९ मे

नांते लोकांना आणतोय— 'चूक झाली' अशी शपथ घ्यायला. आज एक म्हातारी आली लोमावरची.

"आजी, तुम्ही कुठलं गोल काळं केलंत?"

"तीन."

"मग दोन का नाही?"

"चुकून, बाई."

"वरची फिना, खालची फिना माहीत आहे तुम्हाला?"

"हे काय विचारणं झालं! दोघींना चांगली ओळखते. वरची तुम्ही, दोन नंबर. खालची ती, तीन नंबर."

"मग चूक कुठे झाली?"

तिने नांतेकडे पाहिलं. "चूक कुठे झाली रे? तू सांगणार होतास ना?"

नांतेने तिला घरी सोडलं. मी हसावं की काय करावं, कळेना. अभिमानही वाटला. अशी कशी फसेल ही बाई? सगळं कसं तोंडपाठ!

२२ मे, गुरुवार

खालची फिना स्वतः आली. चप्पल बाहेर काढून, जी ती कधी काढत नाही. बेल्मेसने निवडून आल्या आल्या किनाऱ्यावर खांब रोवून घेतले म्हणाली, हॉटेलच्या मोजणीचे. खुर्चीवर अजून बसलासुद्धा नाही!

"मतं घ्या माझी," म्हणाली. "लिहून द्या कुठे ते, अंगठा करते. मी उपद्रवी होते, सगळा घोळ होता. फ्रीजरही परत देते त्याला."

"फ्रीजर ठेव," मी म्हटलं. "पण फिना, मतं तुझी नाहीत गं द्यायला. ज्यांनी दिली त्यांची आहेत."

"शब्दांचा कीस काढू नका, मिस! तो माणूस बाखाव विकून खाईल!"

"परिषदेत आपले सात जण आलेत. त्यांच्या ठरावाशिवाय जमीन विकता येत नाही. लढता येईल."

"आणि तुम्ही? तुम्ही काय करणार?"

मी कॉफी तिच्यापुढे सरकवली. ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मला वाटलं नव्हतं इतकी मतं पडतील. देवाशपथ नव्हतं वाटलं." आणि रडायला लागली. हीसुद्धा!

२४ मे, शनिवार

शपथपत्र टेबलावर आहे. सोमवारी सही हवी.

सही करावी याची कारणं कमी नाहीत. सापळा बेल्मेसनेच लावला. त्याच्या सापळ्यातून त्यालाच हटवायचं, यात गैर काय? अर्धी घरं व्हायची राहिलीत. वादळ कोण महापौर आहे ते बघून येत नाही. आणि मी चांगली महापौर आहे. हे इथे लिहायला लाज वाटत नाही आता.

पण त्या कागदावर लिहिलंय काय? चार हजार माणसांना आपण कोणाला मत देतोय ते कळलं नाही. त्यांतल्या किती जणांना मी फळ्यावर अक्षरं दाखवली! त्यांनी मला ओळखलं, तिला ओळखलं, आणि विचार करून तिला दिलं. तो कागद म्हणतो, ती मूर्ख होती. मी ते म्हणायचं? माझ्या सहीने?

आणि हाही प्रश्न, मला राग कशाचा आलाय? कागद खोटा आहे याचा, की त्यांनी मला नाकारलं याचा? सही न करून मी मोठेपणा मिरवणार का? मिरवत असेनही. मन काही स्वच्छ होत नाही. कागद खोटा आहे एवढं मात्र स्वच्छ आहे.

२६ मे, सोमवार

सही केली नाही. अर्ज मागे घेतला.

पेलायो म्हणाले, "इतक्या वर्षांच्या वकिलीत असा पक्षकार पाहिला नाही." आणि फोन आपटला. नांते बोलत नाही. बोलेल.

संध्याकाळी नगरपालिकेच्या पायऱ्या उतरताना सफाईवाल्या, टंकलेखक, पहारेकरी— सगळे ओळीने उभे होते. मी ताठ चालत गेले. पेटीवर बसलेल्या त्या मास्तरणीला आज माझी लाज वाटली नसती, एवढं पुरे आहे. लोकांनी डोळे उघडे ठेवून मला नाकारलं. असे मतदार तयार व्हावेत म्हणूनच तर आले होते ना मी?

खालच्या फिनाला निरोप पाठवला— रविवारी मिस्सानंतर भेट. परिषदेतल्या सातही जणांना छपरांचं सांगायचंय. तू बोल, मी बसून ऐकते.

२७ मे

आज नानाय जेवली. जेवता जेवता, ताटाकडे बघत—

"मी पण तीनलाच दिलं."

मी घास ताटात ठेवला.

"नानाय, चुकून?"

"चुकून कशाला? वाचता येतं मला. बिंगोला ठरलं आमचं, सगळ्या बाखावचं, लोमाचं. तू निवडून येणारच होतीस गं! बेल्मेसला कोण देतंय? म्हटलं, थोडी मतं कमी पडू देत, म्हणजे ऐकायला लागेल. जरा दचकवू या."

दचकले, नानाय.